वसुलीचा पाळणा

माझ्या पाकिटात एका थीम पार्कचा वार्षिक पास आहे. पासावर माझा फोटो आहे. फोटोत केस उभे, चष्मा तिरका आणि चेहरा जामीन राहिलेल्या माणसाचा. दोष फोटोग्राफरचा नाही. पास काढायची खिडकी बाहेर पडायच्या वाटेवर आहे, म्हणजे माणूस दिवसभर उलटासुलटा होऊन आला की मगच फोटो काढतात. त्यामुळे सकाळी आत जाताना गेटवरचा माणूस पास बघतो, मला बघतो, पुन्हा पास बघतो. संध्याकाळी बाहेर पडताना मात्र ओळख तंतोतंत पटते.

पास घ्यायचं काही ठरलं नव्हतं. मे महिन्यात एकदा जायचं, चिरंजीवांची हौस फेडायची आणि परत यायचं, एवढंच होतं. पण खिडकीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आजच्या तिकिटाचे पैसे वजा करून पास मिळेल." 'वजा करून' हे शब्द ऐकले की माझ्यातला डोंबिवलीकर जागा होतो. पासाची किंमत तीन तिकिटांएवढी. म्हणजे तिसऱ्या फेरीला बरोबरी आणि चौथीपासून निव्वळ नफा. मी चौघांचे पास काढले. त्या क्षणापासून ती करमणूक संपली आणि वसुली सुरू झाली.

आमच्या लहानपणी असला प्रश्नच नव्हता. जत्रा वर्षातून एकदा गावात यायची, आपल्याला जत्रेत परत-परत जावं लागायचं नाही. आकाशपाळणा माणसं हातानं फिरवायची. दोघंतिघं वर चढून आऱ्यांना लोंबकळायची, त्यांच्या वजनानं पाळणा खाली यायचा. फेरे मोजायचे ते मालकाच्या मनात. मुलं फार ओरडली तर एक फेरा जास्त, रडली तर एक फेरा कमी. पुढे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि आमच्या शाळेची सहल तिकडे गेली. खाडी ओलांडायला लाँच होती. मला त्या सहलीतली लाँचच जास्त आठवते, कारण शेजारच्या बाकावरच्या मुलानं सकाळी खाल्लेले पोहे मला लाँचमध्येच पुन्हा भेटले.

तर, फेरी पहिली. मुख्य रोलर कोस्टरच्या रांगेत आम्ही एक तास दहा मिनिटं उभे होतो. रांग अशी वळवलेली असते की तीच माणसं दर पाच मिनिटांनी समोरून येतात. पहिल्या वळणाला आपण त्यांच्याकडे बघत नाही, तिसऱ्याला हसतो, सहाव्याला त्यांच्या मुलीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला ते आपल्याला ठाऊक असतं. एवढं करून गाडीत बसलो आणि पट्टा आवळल्याबरोबर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळे उतरत होते.

"बाबा, उलटं झाल्यावर तो तलाव दिसला का?"

तलाव? मला माझ्या पापण्यांची आतली बाजू दिसली होती. बाराशे रुपयांत.

रात्री घरी वहीत हिशोब मांडला. रांगेत चार तास पन्नास मिनिटं, प्रत्यक्ष राइडवर अकरा मिनिटं. बायकोनं वही बघितली. "अहो, तुमच्या ऑफिसातही साधारण हेच प्रमाण असेल," एवढंच म्हणाली आणि झोपली.

दुसऱ्या फेरीला निश्चय केला की डोळे उघडे ठेवायचे. चढावर गाडी कट-कट-कट-कट करत वर जाते, तो आवाज मला आतापर्यंत काहीतरी तुटत असल्याचा वाटत होता. चिरंजीव आठवीत आहेत आणि सगळं मोबाइलवर बघून बसलेले आहेत. ते म्हणाले, "बाबा, तो आवाज येतोय तोवर घाबरायचं नाही. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून खाली दात्यांची पट्टी असते. त्यावर खालचं खिट्टं आपटतं, त्याचा आवाज आहे." मग माथ्यावर आवाज थांबला. म्हणजे आता घाबरायचं, हे मी समजून चुकलो.

खाली आल्यावर कळलेली गोष्ट अधिक धक्कादायक होती. त्या गाडीला इंजिनच नाही. साखळी एकदा माथ्यावर नेऊन सोडते, पुढची सगळी वळणं आणि उलट्या उड्या नुसत्या उताराच्या जोरावर. हे मी आईला सांगितलं. ती बाकावर सावलीत बसली होती.

"म्हणजे तुझे बाबा करायचे तसंच," आई म्हणाली. "खंडाळ्याच्या घाटात स्कूटर बंद करून उतरायचे, पेट्रोल वाचतं म्हणून. मी मागे बसून रामरक्षा म्हणायचे. मला कोणी तिकीट नाही लावलं."

तिला या राइड्सचं कौतुक का नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

तसं बघितलं तर या धंद्याची सुरुवात फार सोज्वळ होती. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला १८८४ साली थॉम्पसन नावाच्या गृहस्थानं अशी गाडी सुरू केली, तिकीट पाच सेंट आणि वेग ताशी सहा मैल. आज कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता तोच वेग मिळतो आणि किंकाळ्याही येतात.

तिसऱ्या फेरीबद्दल मात्र मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. पुन्हा पुन्हा जाण्यात काही अर्थ असलाच तर तो तिसऱ्या फेरीला सापडतो. त्या दिवशी योगायोगानं शेवटच्या डब्यात जागा मिळाली. मला वाटलं, गाडी तीच, रूळ तेच, फरक काय पडणार? पण पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागची सगळी गाडी अजून चढावर असते, म्हणून तो रेंगाळत, विचार करत खाली वाकतो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढच्यांनी उताराला धाव घेतलेली असते, ते याला फरफटत नेतात. बूड सीटवरून अधांतरी उचललं जातं आणि पोट बहुधा माथ्यावरच राहतं. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून ज्यानं कोकण केलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढच्या सीटवरचा माणूस खड्डा बघतो, मागच्या सीटवरचा तो भोगतो.

त्या दिवशी पहिल्यांदा मला उलटं होताना तलाव दिसला. छोटाच आहे, कडेला दोन बदकं. आणि आणखी एक दिसलं, ती लूप मुळी गोल नाहीच. पाण्याच्या थेंबासारखी आहे, वर निमुळती, खाली पसरट. कंपास घेऊन गोल काढली तर लूपमध्ये शिरताना मानेवर इतका भार येतो की मान चोरायची वेळ यावी. म्हणून १९७६ साली कॅलिफोर्नियात हा थेंबाचा आकार आला आणि तेव्हापासून माणसं उलटी होऊनही मान ताठ ठेवून घरी जाऊ लागली. मी उतरल्यावर चिरंजीवांना म्हणालो, "चल, आता सगळ्यात पुढे बसून बघू." माझ्या तोंडून हे वाक्य निघाल्याचं मलाच नवल वाटलं. बायको तर मागे वळून कोण बोललं ते बघत होती.

पण सगळ्याच राइड्सना हा न्याय लागू नाही. गोल फिरणाऱ्या पेल्यांत मी एकदा बसलो आणि त्या पेल्यांचं नाव घरात कुणी काढू नये असा नियम केला. पेला थांबतो, पण कानाच्या आतला द्रव थांबत नाही, तो आपला फिरतच राहतो आणि मेंदूला कळवत राहतो की आपण अजून फिरतोय. डोळे म्हणतात, नाही, समोर कुल्फीचा स्टॉल आहे. या दोघांच्या भांडणात सुनावणी पोटात होते. मी गवतावर आडवा पडलो होतो. जाणाऱ्या एका काकूंनी न विचारता पर्समधून आवळा सुपारी काढून हातावर ठेवली आणि थांबल्यासुद्धा नाहीत. अशी माणसं अजून आहेत. पेल्यात पाचव्यांदा बसल्यावर काही नवं दिसत असेल तर ते ज्यांचं त्यांनी बघावं.

आता खाणं.

राइडला वेगवेगळे डबे तरी असतात. खाण्यात तीही सोय नाही. आत पाच ठिकाणी खायला मिळतं. पाचांची नावं वेगवेगळ्या देशांची आहेत आणि पाचांची ग्रेव्ही एकच आहे. पहिल्या फेरीला आम्ही 'इटालियन' खाल्लं, दुसऱ्या फेरीला 'मेक्सिकन', आणि तिसऱ्या फेरीला चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे तर मागच्या वेळचंच आहे, फक्त यात राजमा घातलाय." वडापाव होता, नव्वद रुपयांना. दादर स्टेशनबाहेर ज्या पदार्थानं गिरणी कामगारांची भूक भागवली तो इथे चौकोनी ताटलीत, लेट्यूसच्या पानावर, लसणीच्या चटणीविना बसला होता. त्याच्याकडे बघून मला भरून आलं.

शिवाय पैसे रोख घेत नाहीत. कार्डात भरायचे आणि कार्ड घासायचं. पहिल्या दिवशी कार्डावर सत्तावीस रुपये उरले. परत मिळत नाहीत, पण 'पुढच्या भेटीत वापरू शकता.' पुढच्या भेटीत कळलं की आत सत्तावीस रुपयांना काहीही मिळत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मग शंभर भरले, ऐंशीचा मका घेतला, सत्तेचाळीस उरले. मी बाजारात कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी कमी करून घेणारा माणूस आहे. हा आकडा मला रात्री दिसायचा.

या सगळ्यात पास कुणाचा वसूल झाला असेल तर तो आईचा. आई आत गेल्यावर एकच राइड करते, मुलांची झुकझुक गाडी. बाकी वेळ कोस्टरच्या बाहेर पडायच्या वाटेसमोर, कडुनिंबाखालच्या बाकावर बसून उतरणाऱ्यांचे चेहरे बघते. "तो बघ, रडलाय पण बायकोला सांगत नाहीये," असं म्हणते. तिचं सहसा चुकत नाही.

आणि आईकडे डबा असतो. बाहेरचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे. पहिल्या दिवशी गेटवर बायकोच्या पिशवीतून चकल्या, दोन केळी आणि अर्धा डबा तिखटमिठाच्या पुऱ्या काढून घेतल्या गेल्या. आईनं मात्र शांतपणे डॉक्टरांची चिठ्ठी काढली. तिला मधुमेह आहे, वेळेवर खाणं आवश्यक आहे, असं चिठ्ठीत लिहिलंय. किती खायचं आणि कुणी कुणी खायचं, हे लिहिलेलं नाही. पहिल्या फेरीला आईकडे छोटा डबा होता, भाजणीचे चार वडे. दुसऱ्या फेरीला मोठा डबा, तिसऱ्या फेरीला दोन पुडांचा. चौथ्या फेरीला आईनं बाबांचा ऑफिसचा जुना तीन पुडांचा पितळी डबा काढला, तेव्हा मी म्हणालो, "आई, एवढा मधुमेह कुणाला नसतो गं."

गेटवर लातूरकडचा एक तरुण असतो. त्यानं डबा उघडला, वरच्या पुडातली थालीपिठं बघितली आणि गप्प झाला.

"आजी, हे धपाटे हायेत का?"

"थालीपीठ म्हणतात रे याला."

"माझी माय ज्वारीच्या पिठाचे करती. दह्यासोबत."

पुढचा संवाद मला ऐकू आला नाही, कारण मागची रांग ओरडायला लागली होती. पण आत गेल्यावर बघितलं तर एक थालीपीठ कमी होतं.

ती चौथी फेरी जुलैत होती, मंगळवारी, धो धो पावसात. वीज चमकत होती म्हणून सकाळी दोन तास मोठ्या राइड्स बंद होत्या. आम्ही चौघं कडुनिंबाऐवजी कुल्फीच्या बंद स्टॉलच्या छपराखाली बसून डबा संपवत होतो. मी मनातल्या मनात ही फेरी नफ्यात धरायची की नाही याचा विचार करत होतो. मग पाऊस उतरला आणि कोस्टर सुरू झाला. रांगच नव्हती. आम्ही पुढच्या डब्यात बसलो, फिरून आलो, उतरायला लागलो, तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, उतरता कशाला? कोणीच नाहीये. बसा." पुन्हा गेलो. मग शेवटच्या डब्यात बसून पुन्हा. ओल्या वाऱ्यात गालांवर थेंब सुयांसारखे टोचत होते, बदकं होती, चिरंजीव हात वर करून ओरडत होते आणि मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मी घरी विचारलं. चिरंजीव म्हणाले, "तुम्ही 'वसूल, वसूल' म्हणत होतात."

संध्याकाळी निघताना खिडकीतली तीच मुलगी म्हणाली, "सर, आत्ताच नूतनीकरण केलंत तर वीस टक्के सूट." मी ठाम नकार दिला. हिशोब पुरा झाला होता, नफा झाला होता, आता बास.

"अरे पण असं कसं?" आई म्हणाली. "मी त्या मुलाला कबूल केलंय, पुढच्या वर्षी पहिल्या फेरीला ज्वारीचे धपाटे आणीन म्हणून. दहीसुद्धा."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "आणि कार्डावर अजून सत्तेचाळीस रुपये आहेत."

मी केस विंचरले, चष्मा सरळ केला आणि खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो.