‘गुन्हेगार ओळखण्याची सहा लक्षणे’: एकेका लक्षणाला उत्तर

सोयाबीन निघालं की आमच्याकडे दोन बातम्या ठरलेल्या. कुणाची तरी गंजी पेटते आणि कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार जाते. यंदा त्यांच्या जोडीला गावागावांतल्या गटांवर एक संदेश फिरतो आहे, ‘एफबीआयने सिद्ध केलेली गुन्हेगार ओळखण्याची सहा लक्षणे’. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातला ऐवज थोडक्यात सांगते. गुन्हेगार चेहऱ्यावरून कळतो. लहानपणी अंथरूण ओलं करणारा, आगी लावणारा, जनावरं छळणारा पोरगा मोठेपणी खुनी होतो. घटनास्थळ नुसतं पाहून तज्ज्ञ गुन्हेगाराचं वय, कपडे, गाडी सांगतो. काही जमातींच्या रक्तातच चोरी असते. खरा धोका अनोळखी माणसाचा. आणि एवढं करूनही पत्ता लागला नाही तर नार्को करा, सगळं बाहेर येतं. शेवटी हात जोडलेलं चित्र आणि ‘आपल्या गावासाठी पुढे पाठवा’.

एफबीआय म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था; तिचं नाव घातलं की कशालाही वजन येतं. पूर्वी हा मान नासाकडे होता.

मी तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थीच हा संदेश मला पाठवतात आणि विचारतात, ‘मॅडम, हे आपल्या अभ्यासक्रमातलंच आहे ना?’ आहे. कालबाह्य सिद्धांतांच्या प्रकरणात.

चेहऱ्याचं आधी संपवू, कारण त्यात फार दम नाही. इटलीतल्या लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरनं १८७६ साली मांडलं की जन्मजात गुन्हेगाराचा जबडा मोठा, कान बाहेर आलेले, हात लांब असतात. तो तुरुंगातली माणसं मोजत होता. बाहेरच्यांचे कान तसेच आहेत की नाहीत, हे त्यानं नीट ताडून पाहिलंच नाही. ते काम इंग्लंडमधल्या चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरनं केलं. तीन हजारांवर कैद्यांची मापं घेऊन त्यानं ती सैनिक, विद्यार्थी अशा साध्या लोकांशी लावून पाहिली आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापला, की गुन्हेगाराचा असा वेगळा देह नसतो. याला शंभर वर्षं उलटून गेली. तरी पारावर कुणी ना कुणी म्हणतंच, ‘थोबाडावरच लिवलेलं असते ना बाप्पा!’

लहानपणाच्या तीन खुणांचं थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे नुकसान घरातल्या पोराचं होतं. ही त्रयी आली जे. एम. मॅकडोनाल्ड या मनोविकारतज्ज्ञाच्या १९६३ च्या एका लेखातून. त्यानं अमेरिकेत डेन्व्हरच्या रुग्णालयातले १०० रुग्ण पाहिले होते. त्यांनी खून केले नव्हते, जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या होत्या. बाहेरच्या साध्या माणसांशी तुलना नव्हती. पुढे त्याला स्वतःलाही हा संबंध पक्का दाखवता आला नाही. पण तीन खुणा लक्षात ठेवायला सोप्या, म्हणून त्या टिकल्या.

आता हिशेब पाहा. पाच वर्षांच्या पोरांपैकी साधारण १५ टक्के पोरं रात्री अंथरुणात लघवी करतात आणि त्यातली बहुतेक वाढत्या वयात आपोआप थांबतात. म्हणजे अंगणवाडीत वीस पोरं असतील तर त्यात तीन ‘भावी खुनी’ निघायला हवेत. संदेश वाचून एखादी आई आपल्या पोराकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागली, बाप त्याला मारू लागला, तर ते मात्र खरोखर घातक आहे. जनावरांना जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा छळणारं पोर दिसलं तर दुर्लक्ष करू नये, हे खरंच. पण त्यातून पहिला प्रश्न निघतो तो असा, की या पोराला घरी कोण छळतं?

त्याचंही उत्तर सरळ रेषेत पुढे जात नाही. कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ९०८ मुलांचा अभ्यास छापला. ही मुलं लहानपणी मार, अत्याचार किंवा आबाळ सोसलेली, आणि न्यायालयात ते सिद्ध झालेलं. सोबत तशाच वस्तीतली, पण तसा भोग न आलेली ६६७ मुलं. अल्पवयात अटक झाली ती पहिल्या गटात २६ टक्क्यांना, दुसऱ्यात १७ टक्क्यांना. धोका वाढतो, यात वाद नाही. पण छळ सोसलेल्या शंभरातल्या ७४ पोरांना सज्ञान होईपर्यंत एकदाही अटक झाली नाही, हेही त्याच आकड्यात आहे. आणि ज्यांना झाली त्यांच्यावरही कायमचा शिक्का मारायचं कारण नाही. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवलं की किशोरवयात वाकड्या वाटेनं जाणारी बहुतेक पोरं मोठी होताना ती वाट सोडतात. आयुष्यभर त्यावर राहणारी थोडी असतात. गावातल्या पोट्ट्यांनी एका दिवाळीत कुणाच्या संत्र्याच्या बगीच्यात हात मारला म्हणून त्यांचं भविष्य ठरत नाही.

आता संदेशातला सर्वांत चमकदार दावा. तज्ज्ञ आला, खोलीत नजर फिरवली आणि म्हणाला, वय तीस, आईसोबत राहतो, निळी गाडी. मालिकांनी हे डोक्यात बसवलं आहे.

एफबीआयच्या वर्तनशास्त्र विभागाचं काम ज्या मुलाखतींवर उभं राहिलं त्या होत्या ३६ कैद्यांच्या. सगळे लैंगिक हेतूनं खून केलेले, सगळे पकडले गेलेले, आणि सगळे बोलायला राजी झालेले. जे सापडले नाहीत किंवा तोंड उघडायला तयार नव्हते, ते यात नाहीत. या मुलाखतींतून ‘नियोजनबद्ध’ आणि ‘अस्ताव्यस्त’ असे गुन्हेगारांचे दोन साचे निघाले. डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकामागून एक खून करणाऱ्या शंभर अमेरिकी खुन्यांच्या शंभर खुनांवर हे साचे लावून पाहिले. दोन गट वेगळे पडलेच नाहीत. नियोजनाच्या खुणा बहुतेक सगळीकडेच होत्या. असा साचा कळंबच्या पंप-चोराला लावायचा म्हणजे, राजेहो, काय बोलावं!

गुन्ह्यावरून गुन्हेगाराचं वर्णन करण्याच्या या विद्येची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट न्यूयॉर्कच्या बॉम्बवाल्याची. १९४० पासून सोळा वर्षं शहरात बॉम्ब ठेवणाऱ्याचं वर्णन जेम्स ब्रुसेल या मनोविकारतज्ज्ञानं केलं, अगदी त्याच्या कोटाच्या बटणांपर्यंत. कोटाची ही गोष्टच तेवढी सगळीकडे सांगितली जाते. पण जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की सापडला तो वीज कंपनीतल्या अ‍ॅलिस केली नावाच्या लिपिक बाईमुळे. नुकसानभरपाईच्या जुन्या फायली उपसताना त्याच्या तक्रारीची भाषा तिला बॉम्बवाल्याच्या पत्रांसारखी वाटली. ज्यांनी तहसीलमध्ये कधी जुना फेरफार शोधला असेल त्यांना या बाईचं मोल कळेल.

आणि चुकलेल्या वर्णनाची किंमत? लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर १९९२ साली एका तरुण आईचा तिच्या लहानग्यासमोर खून झाला. पोलिसांनी मानसशास्त्रज्ञाकडून गुन्हेगाराचं वर्णन घेतलं, त्यात बसणारा एक एकलकोंडा तरुण शोधला, आणि एका महिला पोलिसाला प्रेमाचं नाटक करून त्याच्याकडून कबुली काढायला लावलं. कबुली आली नाही. तरी तो वर्षाहून जास्त कोठडीत राहिला. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा पुरावा फेटाळला आणि खटला कोसळला. खरा खुनी दुसराच होता. १९९३ च्या नोव्हेंबरात, हा तरुण आत असताना, त्यानं आणखी एका आईला आणि तिच्या मुलीला मारलं. डीएनएच्या आधारे त्याच्यावर विम्बल्डनचा गुन्हा शाबीत झाला तो २००८ मध्ये.

ब्रिटनमध्येच १९९५ साली गॅरी कॉप्सन यांनी अशा १८४ प्रकरणांत तपास अधिकाऱ्यांना विचारलं. बहुतेकांनी सल्ला उपयोगी होता असं सांगितलं. गुन्हेगाराची ओळख मात्र त्यातून पटली ती तीन टक्क्यांहून कमी प्रकरणांत. समाधान मिळतं, माणूस मिळत नाही. आपल्याकडे बाबाकडे जाऊन आलेल्याचंही असंच असतं.

मग ही सगळी विद्या टाकाऊ का? नाही. जिथे ती माणसाच्या मनात घुसण्याऐवजी गुन्ह्यांच्या जागा, वेळा आणि पद्धती मांडते, तिथे कामाची आहे. कँटर आणि लार्किन यांनी १९९३ मध्ये दक्षिण इंग्लंडमधले एकामागून एक लैंगिक अत्याचार करणारे ४५ गुन्हेगार तपासले. प्रत्येकाचे गुन्हे नकाशावर टाकून सर्वांत दूरचे दोन जोडून वर्तुळ काढलं, तर ४५ पैकी ३९ जणांचं घर त्या वर्तुळातच निघालं.

समजा आपल्या भागात महिनाभरात सात मोटारी गेल्या. चोराचं बालपण कसं होतं हे विचारण्यापेक्षा सात विहिरी नकाशावर टाका. सगळ्या पांदण रस्त्याला लागून आहेत का? आठवडी बाजाराच्या रात्रीच गेल्या का? केबल कापून नेली की मोटारीसकट उचलली? उचलायला किती माणसं आणि कोणती गाडी लागली असेल? तांबं विकायला कोणतं भंगाराचं दुकान जवळ? जागल कधी बंद झाली? रानडुकरं आणि रोही पिकात येतात तोवर शेतात माणूस असतो. पीक निघालं की मचाण रिकामं. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं: करणारा, उचलण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव, ही तीन एका जागी आली की गुन्हा घडतो. यातली दोन तर आपल्या हातात असतात.

गंजीचंही तसंच. ती जळाली की संदेशातला ‘आगी लावणारा विकृत’ शोधायच्या आधी हा गुन्हा आहे की नाही तेच पाहावं लागतं. वरून लोंबणाऱ्या तारेची ठिणगी, फेकलेली बिडी; ओलसर रचलेला माल आतून तापतो हे तर जुन्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. यातलं काही नसेल आणि कुणी जाणूनबुजून लावली असेल, तर त्यामागे बहुतेकदा धुऱ्याचं किंवा वाटणीचं भांडण निघतं. त्यासाठी एफबीआयचा तज्ज्ञ लागत नाही. पण भांडण आहे म्हणजे त्यानंच लावली असंही होत नाही. तिथून पुढे पुरावा.

‘काही जमातींच्या रक्तातच चोरी.’ हे वाक्य एफबीआयचं नाही, इंग्रज सरकारचं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मलेलं पोरच गुन्हेगार ठरवलं. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. १९११ च्या कायद्यानं तो देशभर लागू करता येऊ लागला आणि बोटांचे ठसे घेण्याची सोयही झाली. यातला विरोधाभास मला नेहमी चटका लावतो. ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय कलकत्त्यात १८९७ मध्ये निघालं. त्यांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचं डोकं होतं. एका माणसाला दुसऱ्यापासून नेमकं वेगळं काढणारं हे साधन, आणि सरकारनं ते अख्ख्या जमातींना एकाच वहीत कोंबायला वापरलं.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. पण ‘सवयीचे गुन्हेगार’ या नावानं राज्यांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींचा, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींचा, असा उल्लेख चालू होता. सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.

आता अमरावती, यवतमाळ, वाशीमकडच्या पारधी बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फासे लावून शिकार करणारी ही माणसं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, जमीन बहुतेकांना नव्हतीच. आजूबाजूला चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर जाते. जिथे शोधाल तिथेच सापडेल, जिथे सापडेल तिथलीच नोंद होईल, आणि पुढच्या वेळी नोंद पाहून गाडी पुन्हा तिथेच. सरपंचाच्या भाच्याच्या गोठ्यात कुणी पाहिलंच नाही, तर त्याच्या नावावर गुन्हा येणार कुठून? ‘आकडेच बोलतात’ असं म्हणणाऱ्यांनी ते आकडे कुणी, कुठे जाऊन गोळा केले हे विचारावं. रक्ताचा पुरावा म्हणून जे दाखवलं जातं ते पोलिसांच्या फेऱ्यांचं वेळापत्रक असतं.

अनोळखी माणसाच्या भीतीचं फळ महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याआधी मोबाइलवर असेच संदेश फिरत होते. आणि ज्या गुन्ह्याची गावाला सर्वांत जास्त धास्ती, त्या बलात्काराच्या प्रकरणांत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते की नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक. संदेश वेशीकडे बोट दाखवतो, धोका माजघरात बसलेला असतो.

राहिली नार्को. सोडियम पेंटोथल दिल्यावर माणूस गुंगीत बडबडतो. त्यात खरं, खोटं, ऐकलेलं आणि विचारणाऱ्यानं सुचवलेलं, सगळं असतं. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ (खोटं पकडायची चाचणी) आणि मेंदूची चाचणी कुणावरही जबरदस्तीनं करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडणं घटनेच्या कलम २०(३) मध्ये बसत नाही. माणूस राजी असला तरी त्याची बडबड पुरावा धरली जात नाही, तिच्यामुळे सापडलेली वस्तू धरली जाऊ शकते.

‘पुढे पाठवा’ म्हणणाऱ्यांना पाठवायचंच असेल तर हे पाठवा. चोरी झाली तर जागेवर गर्दी करू नका. कापलेल्या केबलचं टोक, कुलूप, टाकलेली बाटली यांना हात लावू नका. चिखलात पाऊल किंवा टायर उमटला असेल तर त्यावर घमेलं पालथं घाला. ११२ लावा, पोलीस पाटलांना सांगा. मोटारीवरचा नंबर आणि बिल आजच शोधून ठेवा. चोरीची मोटार भंगारात सापडली तरी ती तुमचीच, हे त्याशिवाय दाखवता येत नाही.