‘पाच झाडं लावा आणि विसरून जा’ : या सल्ल्यात काय काय चुकतंय

‘स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट, कोरफड आणि जेड. गॅलरीत कुठेही ठेवा, कुंडीच्या तळाला खडी टाका, आठवड्यातून एकदा पेलाभर पाणी घाला. रात्रीही ऑक्सिजन मिळेल. लावा आणि विसरून जा!’ अशा मजकुराचं चित्र अधूनमधून मोबाइलवर येऊन पडतं. झाडांची निवड वाईट नाही, पाचही चिवट आहेत. घात होतो तो सोबतच्या सूचनांनी.

‘आठवड्यातून एकदा पेलाभर पाणी’

सगळ्यात जास्त झाडं या वाक्याने मरतात. कुंडीला वार कळत नाही. मातीची लहान कुंडी उन्हावाऱ्यात चार-पाच दिवसांत कोरडी पडते, तर तेच झाड प्लास्टिकच्या मोठ्या कुंडीत, सावलीत असेल तर तीन आठवड्यांनीही तळाशी ओल सापडते. मातीच्या कुंडीच्या भिंतींतून बाष्प निघून जातं, प्लास्टिकमधून जात नाही, एवढ्यानेच हिशेब बदलतो.

वार बघण्यापेक्षा माती बघा. लाकडाची बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. मनी प्लांटला वरचा 3-4 सेंमी थर सुकला की पाणी द्यायचं. बाकीच्या चौघांना काडी टोकापर्यंत कोरडी निघेपर्यंत द्यायचं नाही. झेडझेड जमिनीखालच्या जाड गड्ड्यांत पाणी साठवतं, कोरफड आणि जेड पानांत. त्यांना घाई नसते. पण द्याल तेव्हा पेलाभर नको, कारण त्याने वरचाच थर भिजतो. खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश ओता आणि अर्ध्या तासाने ताटलीत साचलेलं फेकून द्या.

जास्त पाण्याने झाड मरतं म्हणजे नेमकं काय होतं? मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, आणि तो आणखी एक पेला ओततो. म्हणून पान मलूल दिसलं की आधी माती चाचपायची. ओली असेल तर झाड बाहेर काढून तपकिरी, लिबलिबीत मुळं छाटायची आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावायचं. कोरफड, जेड असेल तर लावण्याआधी कापलेल्या जागा दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यायच्या.

‘तळाला खडी टाका, निचरा होतो’

उलट बिघडतो. बारीक कणांच्या मातीतून भरड खडीत पाणी सहज उतरत नाही. खडीच्या अगदी वरचा मातीचा थर चिंब झाल्यावरच ते खाली झरतं. ही चिंब पट्टी प्रत्येक कुंडीत तळाशी असतेच. 20 सेंमी खोल कुंडीत 5 सेंमी खडी भरली की ती पट्टी 5 सेंमी वर सरकते, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. निचरा साधायचा तो मिश्रणाने: कोरफड, जेड, स्नेक प्लांटला एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत, दोन भाग भरड वाळू किंवा परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे). बांधकामाची बारीक रेती नको, ती फटी बुजवते. मनी प्लांटला माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खत समसमान चालतं.

जाता जाता: ‘मोठी कुंडी घ्या, काम कमी’ हेही खरं नाही. मुळं न पोचलेली माती ओलीच राहते. मुळांच्या गड्ड्यापेक्षा 3-4 सेंमी रुंद कुंडी बस.

‘कुठेही ठेवा’

एका दिवशी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता ऊन कुठे पडतं ते बघून ठेवा. ऋतू पालटला की पुन्हा बघा. दुपारच्या कडक उन्हात मनी प्लांट आणि झेडझेडची पानं करपतात, पांढुरके-तपकिरी चट्टे पडतात. जेडला चार तास तरी ऊन लागतं. नाहीतर फांद्या लांबुळक्या होतात आणि स्वतःच्या वजनाने वाकतात. स्नेक प्लांट अंधाऱ्या कोपऱ्यात जगतं, पण वाढत नाही, आणि न वाढणारं झाड पाणीही कमी पितं. सावलीतून थेट उन्हात मात्र कोणालाच काढू नका. दहा-बारा दिवस रोज थोडा वेळ वाढवत न्या. थंडी 10 अंशांखाली जात असेल तर पाचही आत घ्या.

आणि गॅलरीत सहा तास रणरणतं ऊनच असेल तर ही यादी बाजूला ठेवून चिनी गुलाब, सदाफुली, बोगनवेल लावलेली बरी.

‘रात्री ऑक्सिजन देतात’

नाही. स्नेक प्लांट, कोरफड, जेड रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, एवढंच खरं. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. ‘हवा शुद्ध करतात’ याला आधार म्हणून नासाचा 1989 चा अभ्यास दाखवतात. तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता, उघड्या गॅलरीत नव्हे.

‘विसरून जा’

पंधरा दिवसांतून एकदा पानांच्या बेचक्यांत डोकवा. कापसासारखे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा. पसरला असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि काही थेंब सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

त्या चित्रात एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते: ही पाचही झाडं कुत्र्या-मांजरांना बाधतात. मनी प्लांट आणि झेडझेड चावलं तर तोंडाची आग होते, बाकीच्या तिघांनी उलट्या होऊ शकतात. घरात पानं चघळणारं मांजर असेल तर स्पायडर प्लांट घ्या. सकाळचं कोवळं ऊन आणि वरची माती सुकल्यावर पाणी, एवढ्यावर ते भागवतं. मांजर तेही कुरतडेल, पण त्याने विषबाधा होत नाही.