हॅम्पस्टेडचा पर्गोला ओसाड नाहीये

लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या मोकळ्या हिरव्या जागेतल्या पर्गोलाचं, म्हणजे वेलींच्या मांडवाचं, रील मला या आठवड्यात तीन ग्रुपवर आलं. वेलींनी वेढलेले खांब, खाली कोणीच नाही, आणि वर लिहिलंय ‘व्हिक्टोरियन राजवाड्याचे अवशेष, शंभर वर्षं ओसाड, निसर्गाने परत ताब्यात घेतले, खुद्द लंडनकरांनाही माहीत नाही’. मी वर्षातनं चार-पाच वेळा तरी तिथे जाते, जीव आहे माझा त्या जागेवर, म्हणून एकेक सांगते.

व्हिक्टोरियन? राणी व्हिक्टोरिया १९०१ ला गेली. ही जागा विल्यम लिव्हरने घेतली १९०४ मध्ये. हो, तोच सनलाइट आणि लाइफबॉयवाला, ज्याच्या कंपनीचा साबणाचा कारखाना पुढे १९३४ ला आपल्या शिवडीत सुरू झाला. आराखडा बागा आखणाऱ्या थॉमस मॉसनचा, काम १९०५ ला सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने १९२५ पर्यंत चाललं, त्याच वर्षी लिव्हर वारला.

राजवाडा तर कधीच नव्हता. पर्गोला म्हणजे मांडव, आपल्याकडे द्राक्षाचा असतो ना तसा, फक्त दगडी खांबांवर आणि जवळजवळ ८०० फूट लांब. ‘छप्पर कोसळलं’ म्हणतात ते छप्पर मुळात नव्हतंच, वर लाकडी तुळया आणि त्यावर वेल एवढंच. लिव्हरचा बंगला शेजारी धडधाकट उभा आहे, त्यात आता फ्लॅट आहेत.

निसर्गाने परत घेतलं म्हणे! अहो, पायाखालची जमीनसुद्धा माणसाने आणून टाकलेली आहे. तेव्हा हॅम्पस्टेडला भुयारी रेल्वेचा बोगदा खणत होते, त्यातनं निघालेली माती लिव्हरने इथे भरून घेतली आणि उताराची जागा उंच केली.

‘ओसाड’मध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य. लिव्हरनंतरचा मालक लॉर्ड इन्व्हरफोर्थ १९५५ ला गेला, पुढे कोणी नीट बघितलं नाही, तुळया कुजल्या. पण १९६३ ला बागेचा भाग लोकांसाठी उघडला, १९८९ ला हीथ सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे, म्हणजे लंडनच्या जुन्या शहराच्या पालिकेकडे, आलं आणि १९९५ पर्यंत पर्गोलाची दुरुस्ती झाली. मग शंभर वर्षं कुठली? आणि लपलेली जागा वगैरे काही नाही, प्रवेश फुकट आहे, मे महिन्यात विस्टेरिया (जांभळ्या फुलांचे घोस येणारा वेल) फुलला की फोटो काढणाऱ्यांमुळे चालायला जागा नसते.

मला खरा राग आला तो रीलखालच्या कॉमेंटचा, ‘असंच राहू द्या, कोणी हात लावू नका’. विस्टेरिया वर्षातनं दोनदा छाटावा लागतो, एकदा फुलं गेल्यावर उन्हाळ्यात आणि एकदा ऐन थंडीत, नाहीतर तो वाटेल तिथे घुसतो आणि त्याच्या वजनाने तुळया खाली येतात. जानेवारीत पानं नसताना जाऊन बघा, मनगटापेक्षा जाड खोड खांबाला पिळा घालून वर गेलेलं, जागोजागी दोरीने बांधलेलं, प्रत्येक फांदीच्या टोकाला कात्रीचा स्वच्छ काप. मेमध्ये जे रानटी आणि आपोआप वाढलेलं वाटतं ना, ते कुणीतरी थंडीत शिडीवर चढून केलेलं काम असतं.

रील टाकायचं तर खुशाल टाका, सुंदरच आहे ते. फक्त ‘ओसाड’ हा शब्द तेवढा काढा.