'शर्यत आली की देश खुला होतो' हे पटलं नाही
फॉर्म्युला वन मोटारशर्यतींमुळे बाहेरच्या जगाची नजर त्या देशाकडे वळते आणि सरकारं नरमतात, असं तुमच्या लेखात म्हटलंय. बहारीनमध्ये मी याच्या उलट पाहिलं. २०१२च्या एप्रिलमध्ये मी नोकरीसाठी मनामात होतो. आदल्या वर्षीची शर्यत सरकारविरोधी आंदोलनामुळे रद्द झाली होती, या वर्षी मात्र ती व्हायलाच हवी असा सरकारचा हट्ट होता. शर्यतीच्या ठिकाणाच्या, म्हणजे सखीरच्या वाटेवर पोलिसांच्या गाड्याच गाड्या, आणि रात्री आजूबाजूच्या गावांतून येणारा अश्रुधुराचा वास थेट आमच्या खोलीपर्यंत. शर्यतीच्या आदल्या दिवशी सलाह अब्बास हबीब या आंदोलकाचा मृतदेह सापडला. रविवारी गाड्या ठरल्या वेळी धावल्या. मी फॉर्म्युला वनचा जुना चाहता, पण त्या दिवशी टीव्ही लावायचं मन झालं नाही.

आणि नजर वळली तरी पुढे काय? बहारीनच्याच नजाह युसूफ या बाईंना समाजमाध्यमांवरच्या लिखाणासाठी शिक्षा झाली, त्यात या शर्यतीवरची टीकाही होती. 'खेळात राजकारण नको' म्हणणाऱ्यांनी २०२२ आठवावं. युक्रेनवर हल्ला होताच रशियातल्या सोचीची शर्यत रद्द झाली, रशियाचा करारही संपवला. त्याच वर्षी मार्चमध्ये सौदीने एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड दिला आणि दोन आठवड्यांनी जेद्दाहला शर्यत झाली. म्हणजे नाही म्हणता येतं. मग सौदीला का म्हटलं नाही, यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.