लॉब आला की उलट पावली पळू नका

पॅडल (काचेच्या भिंतींच्या कोर्टवर रॅकेटने खेळायचा खेळ) शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतो आहे. ‘पॅडलमध्ये चपळ होण्याची सात सूत्रं’ असा मथळा, खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. माझ्या मोठ्या बहिणीने तो मला पाठवला आणि सोबत लिहिलं, ‘तिसऱ्या सूत्राची प्रॅक्टिस सुरू केलीय.’ ताईने पन्नाशी ओलांडली आहे, हाडं ठिसूळ व्हायला लागली म्हणून डॉक्टरांनी तिला गोळ्या लावल्या आहेत. आणि तिसरं सूत्र असं आहे: ‘लॉब आला की नेटकडे तोंड ठेवूनच उलट पावली वेगाने मागे पळा. पाठ फिरवली की पॉइंट गेला.’ (लॉब म्हणजे डोक्यावरून जाईल असा उंच मारलेला चेंडू.) तिला मी लगेच फोन केला. ज्यांना मी फोन करू शकत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सातही सूत्रं आधी सांगून टाकते, म्हणजे मूळ फॉरवर्ड शोधत बसायला नको. एक, रोज वीस मिनिटं लॅडर (जमिनीवर पसरलेल्या शिडीच्या घरांतून पावलं टाकण्याचा व्यायाम) करा, पाय आपोआप चपळ होतील. दोन, सतत पंजांवर नाचत राहा. स्प्लिट स्टेप (फटक्याआधीची छोटी उडी) टेनिसवाल्यांची, एवढ्याशा कोर्टवर तिची गरज नाही. तीन, वर दिलेलं. चार, चेंडू काचेवर जाण्याआधीच गाठा. काचेची वाट पाहणं हा आळस. पाच, प्रत्येक फटक्यानंतर आपल्या जागी मधोमध परत या. सहा, बॅडमिंटन किंवा टेनिस येत असेल तर पायांचं नवीन काही शिकावं लागत नाही. सात, बूट कोणतेही चालतात.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांनी पॉइंट जातो, हिने मनगट मोडतं.

उलट पावली पळताना शरीराचं वजन टाचांच्याही मागे जातं. मान वर, नजर आकाशात, एक हात डोक्यावर उचललेला. अशा वेळी टाच टर्फमध्ये, म्हणजे कृत्रिम गवतात, जराशी अडकली तरी सावरायला पुढचं पाऊल वेळेवर मागे पडत नाही. माणूस बसकण मारतो किंवा थेट पाठीवर जातो, आणि पडताना हात आपोआप मागे टेकतो. पसरलेल्या तळव्यावर सगळा भार आला की मनगटाजवळचं हाड मोडतं. ऑर्थोपेडिकवाले याला कोलीस फ्रॅक्चर म्हणतात, आणि पाळी गेल्यानंतर हाडं विरळ झालेल्या बायकांमध्ये ते फार दिसतं. पॅडलच्या टर्फवर वाळू पसरलेली असते, ती सगळीकडे सारखी राहत नाही. एका पावलाला पाय सरकतो, पुढच्याला रुततो. शिवाय मागे काच आहे. कोर्ट 20 मीटर लांब, म्हणजे नेटपासून मागची काच 10 मीटरवर. नेटवर खेळणारी व्यक्ती नेटपासून दोन-अडीच मीटरवर उभी असते. तिच्या पाठीमागे राहिले साडेसात-आठ मीटर, आणि ते ती न बघता पळणार. कुणाला असा सल्ला देताना जरा विचार करायला नको?

बरं, इजेचं सोडा. पॉइंट तरी मिळतो का? उलट पावली माणूस हळू पळतो, हे कोर्टवर जाऊन कुणीही करून बघू शकतं. चेंडूपाशी पोचलाच तरी वजन मागे जात असतं, त्यामुळे फटका नुसता तरंगतो आणि समोरचे दोघं आरामात पुढे येतात.

मग करायचं काय? उजव्या हाताने खेळत असाल तर लॉब ओळखताक्षणी उजवा पाय मागे घ्या. एवढ्या एका पावलाने कंबर आणि खांदे बाजूला वळतात. डावा हात चेंडूच्या दिशेने वर करा. तो वर गेला की खांदे वळलेलेच राहतात. इथून मागे जायचं ते आडव्या, सरकत्या पावलांनी, आणि अंतर जास्त असेल तर एक पाय दुसऱ्याच्या पुढून टाकत. नजर पूर्ण वेळ चेंडूवरच असते, त्यासाठी छाती नेटकडे असण्याची गरज नाही, मान वळवता येते. चेंडूच्या मागे पोचलात की क्षणभर स्थिर व्हा आणि वजन पुढे टाकत मारा. यालाच बांदेहा म्हणतात. थोडा स्लाइस (चेंडूला घासून दिलेली उलटी फिरकी), मध्यम जोर. लॉबवर पॉइंट संपवायची घाई नाही, नेट आपल्याकडे राखायचं, एवढाच तिचा उद्देश. मारून झालं की लगेच पुढे.

लॉब त्याहून खोल गेला, डोक्यावरून निघून गेला, तर सरळ पाठ फिरवून पळा. होय, पाठ फिरवून. ‘पाठ फिरवली की पॉइंट गेला’ हे वाक्य लिहिणाऱ्याने हा खेळ नीट पाहिलेला नाही. चेंडू टप्पा घेईल, काचेवर आदळेल आणि तुमच्याकडे परत येईल. तो येईल तेव्हा तुम्ही तिथे पोचलेले असलात की झालं. पळताना पार्टनरला ‘माझा’ किंवा ‘तुझा’ असं मोठ्याने सांगा, कारण दोघं एकाच चेंडूमागे धावून आपटणं हा लॉबवरचा दुसरा धोका आहे.

इथून चौथ्या सूत्राकडे यायलाच हवं. काचेची वाट पाहणं म्हणजे आळस! भिंत या खेळात नंतर कुणी जोडलेली नाही. 1969 मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला एनरिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात पहिलं कोर्ट बांधलं, तेच भिंती घालून. 1974 मध्ये अल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी तो खेळ स्पेनमधल्या मार्बेयाला नेला, तोही भिंतींसकट. भिंत काढली तर पॅडल उरतच नाही, आणि तिच्याजवळ पाय कसे हलवायचे हेच नवशिक्याला सगळ्यात जड जातं. टेनिस-बॅडमिंटनमध्ये चेंडू किंवा शटल तुम्हाला ओलांडून गेलं की विषय संपतो. त्यामुळे शरीर आपोआप पुढे झेपावतं, चेंडू पायाशी असतानाच मारायला बघतं, आणि फटका पोटाशी अडकतो.

नियमाप्रमाणे सर्व्हिस लाइन नेटपासून 6.95 मीटरवर असते. म्हणजे तिच्या मागे काचेपर्यंत फक्त 3.05 मीटरचा पट्टा उरतो. बचाव करताना उभं राहायचं याच पट्ट्यात, लाइनच्या एक-दोन पावलं मागे. खोल चेंडू आला की पुढे धावू नका. बाजूला वळा, रॅकेट मागे न्या आणि चेंडू जसा काचेकडे जातो तसं त्याच्याबरोबर मागे सरका. तो काचेवर आदळून वेग गमावतो आणि परत निघतो. आता तुम्हीही त्याच्याबरोबर पुढे निघायचं, छोट्या-छोट्या पावलांनी, आणि चेंडू कमरेच्या थोडा पुढे, कमरेएवढ्या किंवा त्याहून खाली आला की मारायचा. चेंडूबरोबर मागे आणि चेंडूबरोबरच पुढे. यात आळस कुठे आहे? उलट काचेआधी घाईने मारणाऱ्यापेक्षा दुप्पट पावलं पडतात. काचेला चिकटून उभं राहिलात तर मात्र चेंडू अंगावर येईल, म्हणून काच आणि आपण यांच्यात हात आणि रॅकेट मावेल एवढी जागा कायम ठेवायची.

अर्धं खरं इतकंच, की प्रत्येक चेंडू काचेवर सोडायचा नसतो. हळू आणि आखूड चेंडू काचेपर्यंत पोचतच नाही, किंवा पोचून जेमतेम सुटतो. तो आधीच घ्यावा लागतो. कुठला कधी घ्यायचा हे खेळूनच कळतं. पण ‘काचेआधीच गाठा’ असा सरसकट नियम करणं चूकच.

आता दुसरं सूत्र. स्प्लिट स्टेप म्हणजे समोरचा चेंडू मारायच्या बेतात असताना मारलेली छोटीशी उडी. पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे किंचित वाकवून जमिनीवर यायचं आणि तिथून ज्या बाजूला जायचं तिकडे ढकलून निघायचं. ही टेनिसची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी 2009 मध्ये ‘जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेस’मध्ये आलेला जपानी संशोधकांचा अभ्यास वाचावा. टेनिससारखी परिस्थिती प्रयोगशाळेत उभी करून त्यांनी खेळाडूंना इशारा मिळेल त्या बाजूला पाऊल टाकून हात पोचवायला सांगितलं, एकदा स्प्लिट स्टेप घेऊन आणि एकदा न घेता. उडी घेतल्यावर तेच काम कमी वेळात झालं. लक्षात घ्या, तिथे लांब पळायचं नव्हतंच. एक पाऊल आणि हात, एवढंच अंतर होतं. म्हणजे छोट्या कोर्टला हा निष्कर्ष जास्तच लागू पडतो. पॅडलमध्ये नेटवर तुम्ही समोरच्यापासून इतके जवळ असता की पाऊलभर उशीर झाला तर चेंडू निघून गेलेला असतो.

आणि याच कारणाने ‘सतत नाचत राहा’ हेही चूक आहे. आपल्याच तालात उड्या मारत राहिलात तर समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागतो त्या क्षणी तुम्ही वर जात असाल की खाली येत असाल, हे नशिबावर. हवेत असताना दिशा बदलता येत नाही. उडीचा उपयोग तिच्या वेळेत आहे. समोरच्याचा हात मागे गेला की तयार व्हा, चेंडूला रॅकेट लागताना पाय जमिनीवर येऊ द्या. दोन फटक्यांच्या मधल्या वेळात शांत उभं राहिलात तरी बिघडत नाही. दमलेले पाय नेमक्या वेळी उडीच घेत नाहीत, आणि नाचून ते लवकर दमतात. टाचांवर रेलून उभं राहू नका असं फॉरवर्ड लिहिणाऱ्याला म्हणायचं असेल तर ते मात्र मान्य.

पाचव्या सूत्रात बॅडमिंटन दिसतं. तिथे एकेरीत मधोमध परत येणं योग्य, कारण पूर्ण अर्धं कोर्ट एकट्याचं असतं. पॅडल जवळजवळ सगळं दुहेरी. 10 मीटर रुंदी दोघांनी झाकायची. चेंडू समोरच्या डाव्या कोपऱ्यात गेला की तुम्ही दोघांनीही त्या बाजूला सरकायचं, मधलं अंतर सारखं ठेवून. चेंडू उजवीकडे गेला की दोघंही उजवीकडे. एक पुढे गेला की दुसराही पुढे, एक लॉबसाठी मागे पळाला की दुसऱ्यानेही मागे यायचं. प्रत्येक जण आपापल्या मध्यावर परतत राहिला तर दोघांच्या मधून गाडी जाईल एवढी वाट उघडी राहते, आणि नवशिक्यांच्या खेळात निम्मे भांडणाचे पॉइंट तिथूनच जातात. ‘तुझा होता’, ‘नाही, तुझा होता’ हे वाद ज्यांनी ऐकलेत त्यांना कळेल.

सहावं सूत्र पुण्या-मुंबईत फार पसरणार, कारण इथे पॅडलकडे वळणारे बरेचसे बॅडमिंटनमधून येतात. मान्य करते, त्यांची आडवी पावलं आणि नजर तयार असते, आणि सुरुवातीला ते इतरांच्या पुढे असतात. पण त्यांना लांब झेप घेऊन हात ताणायची सवय असते. टप्पा घेऊन काचेवरून येणाऱ्या चेंडूला झेप नको, शेवटची दोन-तीन बारीक पावलं हवी असतात. ती वेगळीच शिकावी लागतात.

बुटांबद्दल थोडक्यात. धावण्याचे बूट सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. टाच उंच आणि मऊ, त्यामुळे बाजूला ब्रेक मारला की घोटा वळतो. वाळूच्या टर्फसाठी तळाला नागमोडी नक्षी असलेले, क्ले कोर्टचे किंवा पॅडलचे बूट घ्या. पावसाळ्यात उघड्या कोर्टवर तर याला पर्यायच नाही. ओली वाळू गठ्ठ्याने जमते आणि ओल्या काचेवरून चेंडू घसरून खाली पडतो, तेव्हा पाय आणखी घाईने टाकावे लागतात.

राहिली लॅडर. वॉर्म-अपला ती चांगली, पाय गरम होतात, ताल बसतो. तिच्यामुळे खेळात चपळ होता येतं हा दावा मात्र टिकत नाही. लॅडरमध्ये पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे आधीच माहीत असतं, आणि नजर जमिनीकडे असते. कोर्टवर नेमकं उलटं. पॅडलपटू फर्नांदो बेलास्तेगिन सलग 16 वर्षं जगात पहिला होता आणि 2024 मध्ये वयाच्या 45व्या वर्षी निवृत्त झाला. त्या वयापर्यंत विशीतल्या मुलांसमोर कोणी नुसत्या पायांच्या वेगावर टिकत नाही. चेंडू कुठे जाणार हे त्याला लवकर दिसायचं, म्हणून तो आधीच तिथे असायचा.

वीस मिनिटं द्यायचीच असतील तर ती कोर्टवर द्या. पार्टनरला सर्व्हिस लाइनजवळ उभं करून हाताने चेंडू टाकायला सांगा: कधी आखूड, कधी काचेवर जाईल असा, कधी डोक्यावरून. तुम्ही प्रत्येक चेंडूआधी स्प्लिट स्टेप घ्या, वळा, पोचा, आणि सुरुवातीला रॅकेटने मारूही नका, डाव्या हाताने झेला. चेंडू झेलता आला म्हणजे पाय योग्य जागी पोचले. फक्त पार्टनरला एक बजावून ठेवा, चेंडू कुठे टाकणार हे आधी सांगायचं नाही.