मामा, विहिरीत काठी घाल

काल रात्री साडेअकराला गुहागरच्या मामाचा फॉरवर्ड आला: 'ज्वालामुखीच्या खडकात जगभर तेल सापडतंय! कोकणचा कातळ तोच. विहिरीवरचा तवंग हा पुरावा. सड्याच्या जमिनी सोन्याच्या भावाने जाणार!' सोबत त्याच्याच विहिरीचा फोटो आणि व्हॉइस नोट, की शेजारच्या सड्यासाठी, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारासाठी, एजंटला इसार देऊन झालाय.

म्हणून आधी तवंग. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असतं. त्यावर जगणारे जिवाणू पाण्यावर असा सप्तरंगी पापुद्रा धरतात. काठीने डिवचून बघ. तेल असेल तर फाटलेला तवंग लगेच सांधतो. जिवाणूंचा पापुद्रा मात्र कोनाकोनाचे तुकडे होऊन तसाच तरंगत राहतो. पाच मिनिटांचं काम, फुकट. इसार देण्याआधी करायचं होतं.

ज्वालामुखीच्या खडकात तेल मिळतं, हे खरं. नाइलाजाने कबूल. वडोदऱ्याजवळच्या पादऱ्याला तर आपल्याच दख्खनच्या बसाल्टमधून तेल निघतं. जावातल्या जातिबारांगला, जपानच्या निगाताकडेही असे साठे आहेत. पण लाव्हारसातून तेल बनत नाही. ते बनतं गाळात पुरलेल्या जैविक पदार्थांपासून. पादऱ्याला असा गाळाचा जाड थर लागूनच आहे, तिथलं तेल बसाल्टच्या भेगांत शिरलं. बसाल्ट नुसता रांजण. पाणी भरणारं कुणी नको का?

आपल्याकडे भरणारं कोण? कुंभार्ली चढून गेलं की कोयनेचा टापू. तिथे भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल बोअर मारलं, २०१७ साली पुरं झालं. साधारण १,२५० मीटर बसाल्ट, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. मध्ये गाळाचा थरच नाही. गुहागरखाली हुबेहूब तसंच असेल असं शपथेवर सांगत नाही; पण एजंटकडे निदान एक बोअर तरी आहे का?

फॉरवर्डमधलं 'बॉम्बे हायचं तेल कोकणाखालूनच जातं' हे तर वाचवत नाही. ते मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात, मुख्यतः चुनखडीत आहे. आणि तेल निघालंच तरी ते काढायचा परवाना सरकार देतं, सडा कुणाच्या नावावर आहे ते बघून नाही.

सकाळी मामाचा फोन. "तुकडे झाले रे." मग जरा थांबून, "एजंट फोन उचलत नाही."