ग्रेची विद्वत्ता आणि जुलै १८६३

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. न्यूझीलंडचा ब्रिटिश गव्हर्नर जॉर्ज ग्रे तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे माओरींची भाषा शिकला, त्यांच्या कथा आणि गाणी त्याने जमवून छापली, त्याला आक्रमक म्हणणं अन्यायाचं आहे. ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या वाइकातो प्रदेशातलं युद्ध माओरींनी वेगळा राजा केल्यामुळे पेटलं, असं आपलं म्हणणं.

ग्रेच्या विद्वत्तेबद्दल दुमत नाहीच. पण याच ग्रेने १८४६ मध्ये ‘ते राउपाराहा’ या वृद्ध माओरी सरदाराला पहाटे छापा घालून पकडलं आणि खटला न चालवता कितीतरी महिने युद्धनौकेवर डांबून ठेवलं. भाषा येत होती म्हणून तो कचरला नाही.

आता राजाचं. १८५८ मध्ये माओरींनी ‘पोताताऊ ते फेरोफेरो’ या सरदाराला राजा केलं, ते मुख्यतः जमिनींची विक्री रोखायला. पुढे वाइताराच्या जमिनीवरून तारानाकीत युद्ध झालं, त्यात या राजाचे काही लोक लढले, हे खरं. पण तो वाइताराच्या जमीनखरेदीचा व्यवहारच गैर होता. तिथला सरदार विरेमु किंगी याचा विरोध डावलून तेव्हाचा गव्हर्नर ब्राऊन याने तो रेटला होता आणि १८६३ मध्ये खुद्द ग्रेने तो सोडून दिला!

म्हणूनच जुलै १८६३ च्या तारखा मला फार महत्त्वाच्या वाटतात. ऑकलंडहून दक्षिणेला जाणारा लष्करी रस्ता ग्रेने आधीच बांधायला घेतला होता. ९ जुलैला ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या माओरींना हुकूम सुटला: राणीशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर वाइकातोच्या हद्दीवरच्या मांगाताफिरी नदीपलीकडे चालते व्हा. १२ जुलैला जनरल कॅमेरॉनच्या ब्रिटिश फौजेने तीच नदी ओलांडली. वाइकातोच्या सरदारांना द्यायच्या इशाऱ्यावर तारीख होती ११ जुलै, आणि तो त्यांच्या हाती पडला फौज घुसल्यावर. इशारा देऊन उत्तराची वाटही न पाहणाऱ्याला आक्रमक नाही तर काय म्हणायचं?

माओरींच्या काही जमाती सरकारच्या बाजूने लढल्या, हा आपला मुद्दा बरोबर आहे. ‘ते आरावा’ या जमातीचं उदाहरण ठळक आहे. त्यांना स्वतःची जुनी वैरं होती, स्वतःचे हिशेब होते. पण डिसेंबर १८६३ च्या कायद्याने अख्खे प्रदेशच जप्त करायची मुभा सरकारला मिळाली. वाइकातोत सुमारे १२ लाख एकर जमीन गेली. त्या पट्ट्यात ज्यांनी शस्त्र उचललंच नव्हतं त्यांचीही जमीन गेली, आणि भरपाईसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करत उभं राहावं लागलं. ही जप्ती अन्यायाची होती, हे न्यूझीलंडच्या १९९५ च्या कायद्यात राजसत्तेच्या नावानेच मान्य झालं आहे. त्यावर राणी एलिझाबेथने स्वतः सही केली.